एका स्टेशनाचं गाणं

पंचेचाळिशी उलटलेल्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या आणि संगीताच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत देऊन थांबलेल्या बाईला एक प्रेमगीत लिहायचं असेल तर तिनं कुणाला विचारावं? गाणं कसं लिहावं हे सांगणारे मला भरपूर भेटले. लिहून झाल्यावर काय करायचं, पैसे कुठं लागतात, कागद कोणते करायचे, हे मात्र कुणी सलग सांगेना. म्हणून घडलं त्या क्रमानं सगळं लिहून ठेवतेय.

सुरुवात झाली 8 एप्रिल 2024 ला. कुमार गंधर्वांच्या जन्माला त्या दिवशी शंभर वर्षं पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, त्यामुळे पतसंस्थेत ठेवी काढायला ही गर्दी. घरी येऊन रात्री उशिरापर्यंत त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकत बसले. कुमारजी तसे आमच्याच रेल्वेमार्गावरचे. बेळगावहून मिरजेकडे निघालं की सांबऱ्यानंतर सुळेभावी लागतं, तिथला त्यांचा जन्म. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. कानडी घरातला मुलगा, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, माळव्यात देवासला जाऊन राहिला आणि आमच्या मराठी घरांत देवघरातल्या फोटोच्या खालोखाल मान मिळवून बसला. पॅसेंजर सुळेभावीला थांबली की माझे वडील खिडकीतून नमस्कार करायचे. गावात कुमारजींचं आता काय आहे, काय नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

त्या रात्री ऐकता ऐकता एक जुना प्रश्न आठवला. "हे मधेच का थांबतात?" असं मला एकानं विचारलं होतं. गाडीत.

गोष्ट लहान आहे. मी पेटी शिकायला मिरजेला जात होते त्या काळातली. परतीच्या गाडीत एका स्टेशनवर साखर कारखान्यातला एक हंगामी केमिस्ट चढायचा आणि पुढच्याच स्टेशनवर उतरायचा. दोन्ही स्टेशनांची नावं लिहीत नाही. मधे कृष्णेचा पूल लागतो एवढं सांगते. आमच्या मार्गावर कृष्णेचा रेल्वेपूल एकच असल्यामुळे जाणकारांना कळायचं ते कळेलच. त्याच्या शर्टाला मळीचा वास यायचा आणि त्याबद्दल तो दर वेळी आधीच माफी मागून ठेवायचा. आज काय शिकलात, असं विचारायचा. मी सांगायला लागले की गाडी पुलावर चढायची, लोखंडाच्या खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, आणि पूल संपेपर्यंत त्याचं स्टेशन आलेलं असायचं. कुमारजींचं गाणं त्यानं कुणाच्या तरी टेपवर ऐकलं होतं आणि ते त्याला तुटक वाटलं होतं. त्यावरून तो प्रश्न. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं, डॉक्टरांनी गायला बंदी केली होती, काही वर्षं ते अंथरुणावर होते, स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा त्यातून उठले, हे सगळं मला सांगायचं होतं. निम्मं सांगून झालं आणि पूल आला. मार्चमध्ये हंगाम आटोपला. हंगामी माणसं आपापल्या गावी गेली. त्यात कुणी कुणाला कळवण्यासारखं काही नसतं.

बस, एवढंच. हात धरलेला नाही, चिठ्ठी नाही, पत्ता नाही. याला प्रेम म्हणायचं का, यावर मी बरेच दिवस घालवले आणि मग तो विषय सोडून दिला. गाण्याला पुरेल इतकं होतं.

आषाढात वही घेतली. पहिल्या खर्ड्यात मृग होता, चातक होता, चंद्र तर दोनदा उगवला होता. अंतऱ्यांची रांग लागली. वाचताना जाणवायचं, की त्या मुलाच्या वाट्याला एका स्टेशनाचं अंतर आलं आणि माझ्या गाण्यानं त्याला बेळगावपासून पुण्यापर्यंत फिरवलं. त्या दिवसांत इंदिरा संत पुन्हा वाचायला घेतल्या. आमच्या बेळगावच्या म्हणून शाळेत असताना उगाच अभिमान होता, पण वाचायच्या कशा ते तेव्हा समजलं नव्हतं. त्या दुःखाबद्दल फार बोलत नाहीत. घरातली एखादी वस्तू उचलून समोर ठेवतात आणि बाजूला होतात.

दुसरी मदत कुमारजींच्या बंदिशींची झाली. बंदिश असते केवढी? दोन ओळी अस्ताई, दोन ओळी अंतरा. तेवढ्यात सासर, सासू, ननंद, पाऊस, परदेशी गेलेला नवरा, सगळे मावतात आणि वर गवयाला तास तास गायला जागा उरते. माझा मामला चार ओळींच्या वर जाणारा नव्हताच. तेव्हा मापच ठरवून टाकलं: मुखडा दोन ओळी, अंतरा दोन ओळी, पुढं एक अक्षर नाही. तुम्ही थोड्या दिवसांच्या गोष्टीवर लिहीत असाल तर आधी माप ठरवा, असं मी म्हणेन. माप ठरलं की काय टाकायचं ते शोधावं लागत नाही, आपोआप गळून पडतं.

प्रतिमा मात्र मिळेना. ती दिवाळीनंतर मिळाली, तीही रस्त्यावर. रायबागकडे जाताना दोन्ही बाजूंच्या उसाला तुरे आले होते आणि वाऱ्यावर सगळं शिवार पांढरं हलत होतं. कारखान्यांत मोळी टाकून गाळप सुरू झालं होतं, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आले होते. गाडीतच मुखडा झाला:

तुरा आला गं उसाला, वारा पांढरा झाला
हंगामाचा पाहुणा दारी येऊन गेला

घरी येऊन म्हणून दाखवला. आमच्या ह्यांचं खताचं दुकान आहे. ऐकून म्हणाले, "अगं, तुरा आला की उसाची वाढ थांबते. पुढं पोकळ पडतो, वजन घटतं. शेतकरी कपाळाला हात लावतो आणि तू त्याचं गाणं करतेस?"

मी म्हटलं, "अहो, म्हणूनच."

ते थोडं थांबले आणि "पाहुणा कोण?" म्हणाले. मी सांगितलं. एका स्टेशनाची गोष्ट सांगायला एका स्टेशनाइतकाच वेळ लागला. "बरं," म्हणाले आणि उधारीची वही उघडून बसले. दोन दिवसांनी जेवताना विचारलं, "त्या पाहुण्याला कारखान्यानं कायम केलं नाही होय?" नाही म्हटलं. "हंगामी लोकांचे फार हाल असतात," म्हणाले. विवाहित बायकांनी असं गाणं लिहायचं तर घरी केव्हा सांगावं, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं होतं. मुखडा झाल्यावर सांगावं. आधी सांगितलं तर नुसतीच बातमी होते.

अंतरा त्याच आठवड्यात आला:

कृष्णेच्या पुलावरती बोलणे अर्धे राही
अलीकडचे ठाऊक, पलीकडचे नाही

नाव, साल, स्टेशन, कारखाना, काहीही गाण्यात ठेवलं नाही. तो माणूस कुठंतरी असेल, त्याचंही घर असेल. त्याला ऐकू आलं आणि ओळख पटली तर ती त्याची त्याला पटावी, शेजाऱ्यांना नको.

चालीनं सगळ्यात जास्त दमवलं. पेटीवर बसलं की हात आपोआप कुमारजींच्या जागांकडे जायचा. तो अचानक वर फेकलेला स्वर, ती मधेच सोडून दिलेली तान. माझ्या बोटांतून ते नकलेसारखं निघायचं आणि मला माझाच राग यायचा. मग विचार केला, की त्यांनी स्वतः काय केलं? देवासला आजारपणात पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली. चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांत रागाचं बीज असतं हे त्यांना दिसलं, आणि त्यातून लगनगंधार, मालवती, सहेली तोडी असे राग उभे केले. धुनउगम राग म्हणायचे त्यांना. त्यांनी आपल्या खिडकीखालची गाणी घेतली, तेव्हा मीही माझ्या घरातली घ्यावी, हे सरळ होतं. त्यांचा गळा घ्यायला जाऊ नये, रीत घ्यावी.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मावशीला अजून येतात. तिच्याकडे खानापूरला जाऊन राहिले. जातं अंगणात पालथं पडलेलं होतं, तेव्हा तिनं परातीत पीठ मळता मळता म्हटल्या. फोनवर रेकॉर्ड करून आणल्या आणि पेटीवर बसवल्या, तर सगळं मिळून खालचा निषाद, सा, रे, ग, म, एवढाच पसारा! ओळीच्या शेवटी ती रिषभावर, म्हणजे रे वर येऊन थांबायची, सा वर यायचीच नाही. का, विचारलं. "परत दाणं घालायचं असत्यात की," म्हणाली. हात दाण्याकडे गेला की गाणं तिथंच लोंबतं ठेवायचं. माझ्या "पलीकडचे नाही"ला नेमकं हेच हवं होतं. 'नाही' रिषभावर सोडलं आणि तसंच ठेवलं. जोगत्यांच्या चौंडक्याचा ठेकाही घेऊन पाहिला. सौंदत्तीच्या यल्लम्माचा जिल्हा आमचा, तो ठेका इथल्या प्रत्येकाच्या अंगात असतो. पण गाणं एकदम जत्रेला निघाल्यासारखं वाटलं, म्हणून दादरा ठेवला. सहा मात्रांत गाडीची चाल छान बसते.

इथं एक कामाची सूचना. चाल सुचली की लगेच फोनवर गाऊन ठेवा आणि सुरुवातीला तारीख तोंडानं बोला. सोबत पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीवर सा धरलाय ते, आणि ताल सांगा. "काळी चार, दादरा" एवढं म्हटलं तरी पुढं नोटेशन लिहिताना तास वाचतात.

मी गाणार नव्हते, माझा आवाज पेटीमागे बसण्याइतकाच. ओळखीतली एक मुलगी विशारदला बसतेय, तिला विचारलं. गोड गाते, पण पहिल्या दिवशी तिनं दोन्ही ओळी एका श्वासात ओढल्या आणि अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. तालमीला आलेले तबलजी मिरजेचे, वयानं मोठे. त्यांनी हात थांबवला. "ताई, हिला श्वास कुठं घ्यायचा ते ठरवून द्या. कवितेत तुम्ही स्वल्पविराम दिलाय, तो गाण्यात कुठाय?"

त्या स्वल्पविरामावर सगळी संध्याकाळ गेली. 'अलीकडचे ठाऊक' म्हटल्यावर तिनं थांबायचं, श्वास घ्यायचा आणि तो ऐकू आला तरी चालेल, असं ठरलं. तबल्यानंही तिथं तोंड, म्हणजे समेवर येण्याआधीचा छोटा तुकडा, न वाजवता नुसता ठेका धरायचा. मुलगी कुरकुरली, "मावशी, परीक्षेत असा श्वास ऐकू आला तर मार्क जातात." तिला म्हटलं, बाई, कुमारजींना श्वास पुरत नव्हता म्हणून ते थांबत होते असं लोक म्हणतात. पण पुरत नव्हता तिथंच ते थांबले असते तर ओळी कुठंही तुटल्या असत्या. तुटत नाहीत. थांबण्याची जागा ते निवडत होते. हे सांगताना लक्षात आलं, की गाडीतल्या त्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर मी तबलजींसमोर या मुलीला देतेय.

रेकॉर्डिंग जानेवारी 2025 मध्ये केलं. बेळगावातल्या एका लहान स्टुडिओत तासाला 700 रुपये होते. चार तास लागले. तबलजींना 1500, गाणाऱ्या मुलीला 2000, मिक्सिंगचे 2500. पेटी मीच वाजवली. तानपुरा फोनमधला वापरावा असं स्टुडिओवाल्याचं म्हणणं होतं, पण तबलजींनी मिरजेहून खरा आणला. तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दुकानं बंद होण्याआधीची वेळ घेऊ नका. शेजारच्या शटरचा आवाज आमच्या सगळ्यात चांगल्या टेकमध्ये आला आणि तो टेक गेला. निघताना नुसती एमपी3 घेऊ नका, मूळ वेव्ह फाइल मागा आणि प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा मागून घ्या. त्याचे जास्त पैसे पडतील का ते आधीच विचारा.

गाणं चार लोकांत फिरल्यावर एका चॅनेलवाल्याचा फोन आला. नाव लिहीत नाही. चित्रीकरण आम्ही करतो, तुम्हाला एक पैसा खर्च नाही, फक्त एका कागदावर सही करा. कागदात शब्द, चाल, ध्वनिमुद्रण, सगळे हक्क, सगळ्या जगात, कायमचे. मोबदल्याचा रकाना कोरा. पतसंस्थेत रोज लोकांना न वाचता सह्या करताना बघते, त्यामुळे मला वाचायची खोड आहे. सही केली नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे आणि त्यात लिहिलंय, की हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरायचा. म्हणजे कागद गप्प असेल तर कायदा लेखकाच्या बाजूनं बोलतो. म्हणूनच असे लोक 'कायमचे' हा शब्द घालायला विसरत नाहीत.

त्यानंतर नोंदणीच्या मागे लागले. गाणं लिहिलं की हक्क आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पुढं वाद झाला तर हातात पुरावा असावा म्हणून करायची. दिल्लीत द्वारकेला कॉपीराइट कार्यालय आहे, पण जावं लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. एक गाणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं तीन वस्तू आहेत, हे मला तिथं कळलं. शब्द ही साहित्यकृती, त्याचे 500 रुपये. चाल ही संगीतकृती, त्याचे वेगळे 500. आणि ध्वनिमुद्रण तिसरं, त्याचे 2000. अर्ज नमुना 14 मध्ये, सोबत तपशिलाची विवरणपत्रं. भाषेच्या रकान्यात मराठी लिहिलं, पत्त्यात कर्नाटक. संगणकानं काही खळखळ केली नाही.

चालीसाठी नोटेशन जोडलं. भातखंडे पद्धतीनं हातानं लिहून स्कॅन केलं, खालच्या निषादाचं टिंब स्कॅनमध्ये दिसतंय ना ते मोठं करून पाहिलं. ध्वनिमुद्रणासाठी गाणारी मुलगी आणि तबलजी यांची ना हरकत पत्रं घेतली. तबलजी म्हणाले, इतकी वर्षं वाजवतोय, माझी सही पहिल्यांदाच कुणी मागितली. दोघांशी साधा करारही केला. कर्नाटकात तेव्हा ई-स्टॅम्प पतसंस्थेतही मिळायचा, आमच्याच काउंटरवर मी ग्राहक म्हणून उभी राहिले. शिपायानं टोकन दिलं. नोटरीनं मराठी मसुदा बाजूला सारून इंग्रजीत करून आणायला सांगितला, त्यात आणखी दोन दिवस गेले. ई-स्टॅम्प आणि नोटरी मिळून 500 च्या आसपास. सगळा खर्च धरला तर 12,000 च्या थोडा वर गेला. ह्यांनी तो दुकानाच्या वहीत 'ऊस, तुरा' अशा नावानं लिहून ठेवलाय.

पैसे भरले की डायरी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, पुढची सगळी चौकशी त्यावर होते. त्यानंतर 30 दिवस सक्तीचं थांबणं असतं, त्या काळात कुणाला हरकत घ्यायची तर घेता येते. माझ्या चार ओळींवर कोण हरकत घेणार, असं म्हणायचे खरी, पण त्या महिन्यात एक-दोनदा वाटलं, की एखादं पाकीट येईल आणि आत लिहिलेलं असेल, बोलणे अर्धे मी ठेवले नव्हते, तुम्हीच गप्प बसलात. आलं नाही काही. 30 दिवसांनंतर अर्ज तपासनिसाकडे जातो आणि तिथं किती वेळ लागेल ते कुणी सांगत नाही. माझ्या संगीतकृतीच्या अर्जाला त्रुटीचं पत्र आलं: नोटेशनवर सही आणि तारीख हवी. उत्तराची मुदत पत्रात दिलेली असते, ती चुकवू नका, आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर बघत जा.

मी नोंदणीनंतरच गाणं यूट्यूबवर टाकायचं ठरवलं होतं, म्हणून अर्जात 'अप्रकाशित' लिहिलं. तुम्ही आधीच टाकलं असेल तर पहिल्या प्रकाशनाचं साल आणि देश लिहावा लागतो. शब्दांचं प्रमाणपत्र आलं, चालीचंही आलं. ध्वनिमुद्रणाचा अर्ज अजून तपासणीत आहे. मुलीला घाई झालीय, मैत्रिणींना लिंक पाठवायचीय. तबलजींनी मात्र तिला कामाला लावलंय: विशारदच्या परीक्षेआधी हा दादरा तिनं काळी पाचमध्ये चढवून म्हणायचा, श्वास त्याच जागी ठेवून.